मतांचा ताळा



मी अनेक वर्षे मुलांना गणित शिकविले. "उत्तर आले म्हणून पाटी खाली ठेवू नका, आधी ताळा करा," हे माझे ठरलेले वाक्य. 2024 च्या निवडणुकीत मात्र मीच ते विसरलो. परकीयांनी मतमोजणीच्या यंत्रांत शिरून निकाल फिरविला, असा निरोप मोबाइलवर आला आणि मी तो सहा घरी धाडला. एका जुन्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, ताळा केलात का?" मी खजील झालो.

संशय घेणे गैर आहे काय? नाही. 2016 साली रशियन हस्तकांनी ज्या 21 राज्यांच्या निवडणूक यंत्रणेची दारे चाचपून पाहिली, त्यांत आमचे मिनेसोटाही होते, असे केंद्र सरकारने 2017 मध्ये कळविले. मिनेसोटात मात्र कोणी आत शिरू शकले नाही. म्हणजे भीती निराधार नव्हे.

पण येथे ईडन प्रेरीत आम्ही कागदावरच मत देतो. यंत्र मोजते, कागद पेटीत राहतो. निवडणुकीनंतर काही मतदान केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडतात व तेथील मते लोकांसमक्ष हाताने मोजतात. हाच ताळा.

2008 साली येथील सेनेटच्या निवडणुकीत नॉर्म कोलमन 215 मतांनी पुढे होते. सुमारे 29 लाख मतपत्रिका हाताने तपासल्या गेल्या, प्रकरण कोर्टात गेले आणि शेवटी अल फ्रँकन 312 मतांनी निवडून आले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 30 जून 2009 रोजी निकाल दिला, त्याच दिवशी कोलमन यांनी हार मान्य केली. त्यांनी संशय घेतला, कोर्टात दाद मागितली आणि मग उत्तर स्वीकारले.

मला वाटते, नीतीचा प्रश्न येथेच आहे. संशय घेणाऱ्याने ताळा करावा आणि तो जुळला तर आपल्याला न आवडणारे उत्तरही मानावे. ताळा न करता पसरविलेला संशय ही नुसती चहाडी होय. परक्या शत्रूला एकाही मताला हात लावण्याची गरज नाही. शेजाऱ्याचा शेजाऱ्यावरचा विश्वास उडाला की त्याचे काम झाले. ते काम मी घरबसल्या, फुकट करून दिले.

त्या सहाही घरी मी चूक कबूल करणारा निरोप पाठविला. दोघांचेच उत्तर आले. पहिला निरोप मात्र सर्वांनी पुढे धाडला होता.