एकासाठी सगळ्यांना

स्टिरिओ ध्वनिमुद्रणात सगळी वाद्ये एकत्र झाली, की तो मेळ बहुधा अनावर आवाज आवरणाऱ्या कॉम्प्रेसरमधून नेतात. प्रमाण चारास एक ठेवले, तर ठरल्या मर्यादेवर ४ डेसिबल चढलेला आवाज १ डेसिबलच वर उरतो. पण गर्जतो ड्रम, आणि त्याच्याबरोबर दबते व्हायोलिनही! डावी-उजवी बाजू सारखीच दाबावी लागते. नाहीतर गाणाऱ्याची जागा सरकल्यासारखी वाटते.

हा न्याय की अन्याय? एका पोराच्या दंग्यापायी सबंध वर्ग उभा करणारा मी मास्तर. मला हा प्रश्न टाळता येईना. जाणता तंत्रज्ञ २-३ डेसिबलच दाबतो, आणि ड्रम थांबताच क्षणात सर्वांना मोकळे करतो. म्हणून मेळ सांधला जातो. मी मात्र तासभर उभे करीत असे. वर्ग गप्प होई. एक होत नसे.