एफोदामागची तलवार

शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय २१, ओव्या ८ व ९, अध्याय २२, ओव्या ९ ते १९.



दावीद शौलापासून पळून नोब गावी अहीमलेख याजकाकडे आला, तेव्हा त्याच्या हाती कोणतेही शस्त्र नव्हते. त्याने मागितले, आणि याजकाजवळ सांगण्यासारखे एकच शस्त्र निघाले, ते गल्याथाचे. वस्त्रात गुंडाळून एफोदामागे ती तलवार ठेविलेली होती. एला खोऱ्यात देवाने दिलेल्या जयाची ती खूण. तिने पुन्हा कोणाचा गळा कापावा असे तेथे कोणाच्याही मनात नव्हते. परंतु गरजवंत आला, तिची सर कशालाच नाही असे म्हणाला, आणि खूण होती तिचे पुन्हा शस्त्र झाले.

पुढचा अध्याय आपण बहुधा निराळ्या दिवशी वाचितो, म्हणून दोहोंचा संबंध आपल्या ध्यानात राहत नाही. अदोमी दवेग तेथे होता. त्याने शौलाला जाऊन सांगितले की, याजकाने दाविदास अन्न दिले व गल्याथाची तलवारही दिली. शौलाने अहीमलेखावर आरोप ठेविला त्यात भाकर आहे आणि तलवारही आहे. त्या दिवशी ८५ याजक पडले, आणि नोबाची बायकामुले व तान्ही लेकरेही वाचली नाहीत. हे रक्त शौलाच्या द्वेषाने व दवेगाच्या जिभेने सांडले, यात संशय नाही. तरी वस्त्रात गुंडाळलेली ती वस्तू निरुपद्रवी राहिली नाही, हेही शास्त्राने झाकून ठेविलेले नाही.

ही गोष्ट आज काढण्याचे कारण असे. अमेरिकेत कित्येक नगरांचे पोलीस एखादा दिवस ठरवून लोकांस कळवितात की, ज्याच्या घरी नकोशी बंदूक असेल त्याने ती आणून द्यावी. बहुधा नाव विचारीत नाहीत, आणि मोबदला म्हणून थोडी रोकड किंवा दुकानात चालणारी खरेदीची चिठ्ठी देतात. जमलेली शस्त्रे मग कापून किंवा वितळवून टाकितात. २०१२ सालच्या डिसेंबर महिन्यात कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहरी अशाच प्रसंगी एक बाई एक जुनी बंदूक घेऊन आली. तिच्या वडिलांनी ती दुसऱ्या महायुद्धाहून परतताना यूरोपातून आठवण म्हणून आणिली होती. बापाची वस्तू म्हणून ती घरात राहिली. आता ती घरातून जावी एवढीच तिची इच्छा होती.

तेथील पोलीस अधिकाऱ्यांनी ती ओळखिली. ती स्टुर्मगेवेर ४४ नावाची जर्मन सैन्याची बंदूक होती. एकेक गोळी नेमाने मारावी, किंवा घोडा दाबून धरून गोळ्यांची सर सोडावी, ही दोन्ही कामे एका शिपायाच्या हातातील हलक्या हत्याराने व्हावी म्हणून जर्मनांनी ती घडविली. आज जगभर सैनिकांच्या हाती ज्या जातीच्या बंदुका दिसतात त्यांची ती पूर्वज होय. अधिकाऱ्यांनी त्या बाईस सांगितले की, हिची किंमत वीस-पंचवीस हजार डॉलर होईल, हिचा चुराडा करणे बरे नव्हे. आणि तिची विक्री होईपर्यंत ती सांभाळून ठेवण्याचे त्यांनी कबूल केले. त्यांनी विधवा-अनाथांचे धन गिळणाऱ्यांसारखे वर्तन केले नाही, याबद्दल मी त्यांची स्तुतीच करीन.

त्याच महिन्याच्या १४ तारखेस, त्याच राज्यात, न्यूटाउन गावच्या एका शाळेत एका तरुणाने २० लेकरे व ६ मोठी माणसे गोळ्या घालून मारिली. ती हत्यारे निराळी, आणि ह्या बाईचा त्या पापाशी काडीचाही संबंध नाही. तरी दोन्ही वर्तमाने जवळजवळ ठेवून मी वाचिली, आणि पुष्कळ वेळ मला काही सुचले नाही.

एका लोखंडी वस्तूस एवढी किंमत कशी येते? अमेरिकेत १९३४ पासून अशा स्वयंचलित बंदुकांची सरकारी नोंद करावी लागते. १९६८ साली, राहिलेल्यांनी निर्भयपणे नोंद करावी म्हणून एक महिना मुभा दिली होती. १९८६ साली खाजगी लोकांसाठी नव्या नोंदीचे दार बंद झाले. तेव्हापासून नोंद असलेल्या बंदुका तेवढ्याच राहिल्या, घेणारे मात्र वाढत गेले. धान्याचा भाव दुष्काळात चढतो तसेच हे आहे.

संग्राहक म्हणतात की, पोलीस इतिहास वितळवितात. ह्या तक्रारीत काही खरेपणा आहे असे मला वाटते. बापाने कोणत्या रणातून काय आणिले ते विसरणे हा काही सद्गुण नव्हे. परंतु २०१३ च्या जानेवारीत सिअॅटल शहरी काय झाले ते पाहा. पोलिसांकडे जाणाऱ्या रांगेच्या आसपास खाजगी खरेदीदार रोकड घेऊन उभे राहिले, आणि लोक शस्त्र सोडून देण्यास आले असता ते विकत घेऊ लागले. एकाने तर विमाने पाडणाऱ्या क्षेपणास्त्राची वापरलेली नळी शंभर डॉलरांस घेतली. पोलिसांनी ती पुढे ताब्यात घेतली. हे वाचून मला मंदिराच्या अंगणातील सराफ आठवले. तेही पश्चात्तापास आलेल्या लोकांच्या वाटेवरच बसत.

मग मोलवान शस्त्राचे करावे काय? प्रेषितांच्या कृत्यांत, १९ व्या अध्यायात, इफिस येथील विश्वास धरलेल्या लोकांनी जादूची पुस्तके जाळिली, त्यांचे मोल पन्नास हजार रुप्याची नाणी भरले. ती त्यांनी जाळिली, आणि त्यांचे मोलही मोजिले. विकून पैसा गरिबांस द्यावा असेही कोणी म्हणाले नाही, कारण ती विद्या दुसऱ्याच्या घरी जाऊन तेच काम करिती. पण शास्त्रात आणखी एक वाट आहे. गणना, अध्याय १६, ह्यात कोरहाच्या बंडातील २५० धुपाटणी अग्नीत टाकून दिली नाहीत. एलाजार याजकाने ती ठोकून त्यांचे पत्रे केले व वेदीस मढविले, ह्यासाठी की इस्राएलाने पाहावे व आठवावे. धातू तोच राहिला, पण त्यांत पुन्हा कोणी निखारे घालू शकत नव्हता. ज्या बंदुकीची नळी कायमची बुजवून ती संग्रहालयाच्या काचेमागे ठेवितात, ती मला ह्या पत्र्यांसारखी वाटते. जी लिलावात एका घरातून दुसऱ्या घरात जाते, ती एफोदामागची तलवार होय, मग तिच्यावर कितीही सुंदर वस्त्र गुंडाळा.

आफ्रिकेतील मोझांबिक देशात १६ वर्षांचे यादवी युद्ध १९९२ साली संपले. तेथील ख्रिस्ती मंडळ्यांच्या परिषदेने १९९५ पासून लोकांची शस्त्रे घेऊन त्यांच्या बदल्यात कुदळी, सायकली, शिवणयंत्रे दिली. त्या बंदुका तोडून कारागिरांनी मूर्ती केल्या. केस्टर नावाच्या कलावंताने २००१ साली त्यांची एक खुर्ची केली, ती लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. आणि न्यूटाउनच्या हत्येनंतर, २०१३ साली, कोलोरॅडो राज्यात काही ख्रिस्ती लोकांनी भाता पेटवून दिलेल्या बंदुकांची बागेची अवजारे घडविण्यास आरंभ केला. यशयाचा दुसरा अध्याय आपण नाताळाच्या आधी वाचून मिटवितो. त्यांनी ऐरण विकत घेतली.

आता घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या आजोबांनी बांधाच्या भांडणात शेजाऱ्याच्या हातून एक कोयता हिसकावून घेतला होता. तो आमच्या घरी आढ्याला खोचलेला असे, आणि सणावारी आम्हां पोरांस काढून दाखवीत. आम्हांस त्या शेजाऱ्याचे नाव ठाऊक नव्हते, पण कोयत्याचा तो उतरलेला कोपरा ठाऊक होता. वडिलांचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी ते तो कोयता घेऊन शेजाऱ्याच्या दारी गेले. मी त्यांच्या मागे होतो. म्हातारा ओट्यावर बसला होता, त्याने कोयता हातात घेऊन उलटापालटा केला, आणि म्हणाला, "आप्पा, मूठ पार कुजली की रे." मग त्याने नातवास लोहाराकडे धाडिले, आणि आम्हांस बसावयास घोंगडी टाकिली.