आजचं चिंतन: पूर्ण कोणी केलं? (गीता १८.१४)



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला चौदावा. कुठलंही कर्म घडायला पाच गोष्टी लागतात, असं भगवंत इथे सांगतात. अधिष्ठान म्हणजे देह, मग कर्ता, करणं म्हणजे इंद्रियं आणि साधनं, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. दोन श्लोक पुढे ते स्पष्टच म्हणतात की जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसतच नाही.

आपण सॉफ्टवेअरवाल्यांना हे खरं तर पटकन कळायला हवं. आपलं एखादं फीचर चालतं तेव्हा त्यात आपला कोड किती आणि दुसऱ्यांच्या लायब्ररी किती, हे आपल्याला ठाऊक असतं. पण स्वतःच्या आयुष्याबद्दल आपण "मी केलं" किंवा "माझ्यामुळे गेलं" एवढंच बोलतो.

मला हा श्लोक सायकलवर उलगडला. मी आणि माझा कॉलेजचा मित्र पुण्याहून कन्याकुमारीला निघालो. कोल्हापूर, हुबळी, चित्रदुर्ग, बेंगळुरू, सेलम, मदुराई असा साधारण १५०० किलोमीटरचा रस्ता. मित्राची नोकरी जाऊन नऊ महिने झाले होते. मुलाखती चालू होत्या, पण हातात काहीच येत नव्हतं. निघताना तो म्हणाला, "निदान एक गोष्ट तरी पूर्ण करून दाखवतो."

आता पाच कारणं मोजू. देह: दोघांचे पाय, आणि सीटवर बसून दुखून आलेली कंबर. कर्ता: आम्ही दोघं, रोज पहाटे उठायचं ठरवणारे. करणं: डोळे, हात, आणि माझ्या मते सायकलसुद्धा. चेष्टा: श्वास आणि पेडलचा प्रत्येक फेरा. चित्रदुर्गाच्या माळावर समोरून वारा होता. तिथे एकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा आणि दुसऱ्याने त्याच्या चाकामागे चिकटून चालवायचं, दर पाच किलोमीटरला अदलाबदल. त्या दिवसाचे किलोमीटर नक्की कोणाचे, सांगा बरं?

आणि दैव? सेलमच्या अलीकडे टायर फाटला. समोरच दुकान होतं. तिथल्या अण्णांना आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची. त्यांनी टायर बदलून दिला आणि वर चहा पाजला.

मदुराईत मित्राचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी एक दिवस विश्रांती आणि पुढे कमी अंतर असं सांगितलं. रात्री तो म्हणाला, "इथून बस पकडली तर लोक म्हणतील, याला हेही जमलं नाही." मी म्हटलं, "अरे, बसने गेलास तरी कन्याकुमारी तीच आहे. गुडघ्याला विचार, लोकांना नको." त्याने गुडघ्याचं ऐकलं. उरलेले २४५ किलोमीटर आम्ही तीन दिवसांत केले. तिरुनेलवेलीच्या पुढे पवनचक्क्या दिसायला लागल्या आणि मग एकदम समुद्र!

देवी कुमारीचं दर्शन घेतलं, फोटो झाले. मग तो गप्प झाला. "पोचलो रे. पण सोमवारी काय? नोकरी तर अजून नाहीच."

समोर विवेकानंद शिलास्मारक दिसत होतं. आपल्या विदर्भात जन्मलेल्या एकनाथजी रानडे यांनी त्यासाठी देशभर फिरून निधी उभा केला, सामान्य माणसांकडून एक-एक रुपयासुद्धा घेतला, आणि १९७० मध्ये ते पूर्ण झालं. ते बघताना मला हाच श्लोक आठवला आणि मी त्याला सांगितला. टूर पूर्ण झाली ती पाच कारणांनी. मग नोकरी गेली ती फक्त तुझ्या एकट्यामुळे कशी? तिथेही बाजार होता, कोणाचे तरी निर्णय होते, वेळ होती. श्रेय एकट्याचं नाही, तर दोषाचं ओझंही एकट्याचं नाही.

पण इथे एक सावधगिरी. कर्ता पाचांतला एक आहे, शून्य नाही. "सगळं दैवाच्या हाती" म्हणून बसून राहायला गीता सांगत नाही. सव्विसाव्या श्लोकात सात्त्विक कर्ता कसा असतो ते येतं: आसक्ती नाही, 'मी मी' नाही, धीर आणि उत्साह भरपूर, आणि काम सिद्धीला गेलं काय, न गेलं काय, आतून हलत नाही. म्हणजे धीर आणि उत्साह आपल्या वाट्याचे. मदुराईतून बस पकडली असती तरी ते दोन्ही त्याच्याकडे होतेच. सोमवारी अर्ज भरतानाही तेच लागणार आहेत.

मित्राला अजून नोकरी मिळालेली नाही. पण आता तो "मी फेल आहे" असं म्हणत नाही. "माझ्या वाट्याचं आज झालं" असं म्हणतो.

आजचा छोटा अभ्यास: सध्या मनाला टोचणारं एक अपयश घ्या आणि एक यश घ्या. दोन्हींसमोर ही पाच कारणं लिहा. 'कर्ता' या रकान्यात जे उरेल, तेवढंच आपलं. ते मनापासून करू आणि बाकी विठ्ठलाच्या पायाशी ठेवू.

राम कृष्ण हरी!