परांची



सणाआधी चर्चला रंग द्यायचे ठरले की प्रथम बांबू येतात. ते दोरीने एकमेकांना बांधून परांची उभी राहते. रंगारी तिच्यावर चढून काम करतात. काम संपले की परांची सोडली जाते आणि सणाच्या दिवशी तिची कुणाला आठवणही होत नाही. संत ऑगस्टीन यांनी एका प्रवचनात हाच दाखला दिला आहे: कायमचे घर बांधताना कारागीर तात्पुरत्या साधनांचा आधार घेतो.

परांचीला इंग्रजीत स्कॅफोल्ड म्हणतात. या शब्दाला आणखी दोन अर्थ आहेत. शलमोन राजाने मंदिराच्या समर्पणासाठी एक उंच चौथरा केला होता (२ इतिहास ६:१३). पाच हात लांब, पाच हात रुंद आणि तीन हात उंच. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये त्यालाही हाच शब्द आहे. राजा त्यावर चढला, पण मिरवण्यासाठी नव्हे; सर्व लोकांदेखत त्याने देवापुढे गुडघे टेकले.

तिसरा अर्थ आहे शिरच्छेदाचा मंच. संत थॉमस मोर हे १५२९ साली इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. मान, पैसा, राजाची मैत्री, सारे काही होते. परंतु आठवा हेन्री ख्रिस्तसभेचा प्रमुख होऊ पाहू लागला, तेव्हा १५३२ साली त्यांनी पद सोडले. पुढे राजाला हवी असलेली शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला. एक शपथ घेतली असती तर जीव वाचला असता. घरची माणसेही त्यांना विनवीत होती. त्यांनी विवेकबुद्धी विकली नाही. ६ जुलै १५३५ रोजी ते त्या डगमगत्या मंचावर चढले. 'वर जायला हात द्या, खाली यायचे माझे मी पाहून घेईन,' अशा अर्थाचा विनोद त्यांनी तेथेही केला. आपण राजाचे सेवक आहोत, पण आधी देवाचे, असे सांगून त्यांनी मान पुढे केली. १९३५ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

बंधु-भगिनींनो, नोकरी, धंदा, बंगला, समाजातील मान ही आपली परांची आहे. ती वाईट नाही. तिच्याशिवाय काम होत नाही. पण आपण दिवसरात्र परांचीच सजवीत बसतो आणि आतली भिंत तशीच राहते. मग खोट्या कागदावर सही करण्याची वेळ आली, भावाचा हिस्सा दाबण्याचा मोह झाला, तर परांची वाचवण्यासाठी आपण घरच पाडतो.

एक दिवस या साऱ्या गाठी सुटणार आहेत. त्या दिवशी आत काय उभे असेल? आज ख्रिस्तप्रसाद स्वीकारताना हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

हे प्रभो, आधार निघून गेले तरी तुझ्यात उभे राहण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.