उभं राहणं आणि निवडून येणं

मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतल्या पदवीधर गटाची निवडणूक सप्टेंबर 2024 मध्ये झाली. आधी ती लांबली, मग ऐनवेळी पुढे ढकलली गेली, मग प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि अखेर दहाच्या दहा जागा ठाकरे गटाच्या युवासेनेला मिळाल्या. त्यावर रकानेच्या रकाने लिहून आले. हिशेब एकच, कोणाचा गड राहिला आणि कोणाचा पडला. राज्याच्या ज्या 2016 च्या विद्यापीठ कायद्याखाली ही निवडणूक झाली, त्याच कायद्याखाली विद्यापरिषदेवरही प्राध्यापक निवडून जातात. अभ्यासक्रमांवर, परीक्षांवर, पदवीच्या निकषांवर तिथे शिक्का बसतो. त्या निवडणुकीची दखल कोणी घेत नाही.

दखल घेतली तरी एक वाक्य ठरलेलं असतं : ‘ज्ञान काही बहुमतानं ठरत नाही.’ म्हणून निवडणूकच नको, जाणते लोक नेमा. वाक्य भारदस्त आहे, आणि ते उच्चारणारी बहुतेक माणसं सज्जन असतात. म्हणूनच ते मला जास्त खुपतं. निवडणूक म्हणजे नुसती पॅनलबाजी, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पॅनलं आहेतच.

गुरुत्वाकर्षण बहुमतानं ठरत नाही, कबूल. पण विद्यापरिषदेपुढे गुरुत्वाकर्षण येतंच कुठे? तिथे येतात तास. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले पंधरा तास. दोन क्रेडिटांचा पेपर म्हणजे तीस. त्या तिसात काय बसवायचं, काय गाळायचं, हा प्रश्न सत्याचा नसून वाटपाचा आहे. आणि नेमलेल्या विद्वानांच्या बैठकीतही शेवटी हातच वर होतात. बहुमत तिथेही असतं. फक्त ते बैठकीच्या आधीच जमवलेलं असतं. आधीच्या, 1994 च्या विद्यापीठ कायद्यात अधिष्ठाता विद्याशाखेतून निवडून येत, आता ते नेमले जातात. या बदलानं ज्ञान बहुमताच्या तावडीतून सुटलं, असं निदान मला तरी दिसलेलं नाही.

वाटपाचा हा प्रश्न जुनाच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठीला मुंबई विद्यापीठात पुन्हा जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. मराठी भाषा थोर आहे का, यावर तिथे मतदान व्हायचं नव्हतं. तिचा पेपर ठेवायचा की नाही, एवढाच मुद्दा होता. आता रानडे स्वतः विद्यापीठाचे नेमलेले फेलो, म्हणजे सदस्य, होते, तेव्हा हे उदाहरण माझ्यावरच उलटतं, हे मला दिसतं. पण दर पिढीला रानडे मिळत नाहीत, आणि कायदे रानडे मिळतील असं धरून लिहायचे नसतात.

तरीही निवडून आलेले सदस्य फार काही करतात, असा माझा दावा नाही. माझा आग्रह त्याहून लहान आहे. निवडून येणं ही एक गोष्ट, उभं राहणं ही वेगळी. आणि विद्येच्या दृष्टीनं मोल दुसरीचं जास्त.

मी एकदा विद्यापरिषदेसाठी उभा राहिलो होतो, पॅनलशिवाय. कोणत्या विद्यापीठात, ते राहू द्या. एका तालुक्याच्या गावी, दुपारच्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये माझं पत्रक वाटत होतो. पहिला प्रश्न आला, “सर, पॅनल कोणतं?” दुसरा एका ज्येष्ठ बाईंनी विचारला. त्यांनी पत्रक उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर नव्या पेपरचे घटक लिहिले आणि प्रत्येकापुढे तास मांडले. बेरीज अठ्ठेचाळीस झाली. “पेपर तीस तासांचा. आता यातलं काय शिकवायचं नाही, ते तुम्ही सांगा.” मला सांगता आलं नाही. तो पेपर मंजूर झाला, तेव्हा मीच तो चांगला आहे असं म्हटलं होतं. शेजारी तासिका तत्त्वावरचा एक तरुण बसला होता. तो पेपर प्रत्यक्षात शिकवणार तोच, पण मतदारयादीत त्याचं नाव असणार नव्हतं. निवडणुकीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी, म्हणजे मीही, या यादीबद्दल फार सोयीस्कर मौन पाळलं आहे.

नेमणूक होणाऱ्याला ती स्टाफरूम लागत नाही. त्याला पत्र येतं. त्याचा व्यासंग माझ्याहून दसपट असेल, पण ती अठ्ठेचाळीसची बेरीज त्याच्यापुढे कोणी मांडणार नाही, कारण त्याला कोणाकडे काही मागायलाच जावं लागत नाही. बाकी सगळे गुण नेमणुकीनं मिळवता येतील; हा एक मिळत नाही.

मी पडलो, आणि पडायलाच हवा होतो. तुमच्याकडे पुढच्या वेळी कोणी पत्रक घेऊन आला, तर पॅनल मागाहून विचारा. आधी त्याच्यापुढे तुमचा पेपर ठेवा आणि तीस तासांत यातलं काय शिकवायचं नाही, ते विचारा. उत्तर आलं नाही, तर त्याच्या नावापुढे पहिल्या पसंतीचा 1 लिहू नका.