अनुमान आणि आळ

एखाद्या माणसाविषयीं आपण वाईट ग्रह करून घेतला आणि तो पुढें खोटा ठरला, तर ती केवळ बुद्धीची चूक समजावी, कीं तो नैतिक अपराध मानावा? प्रश्न जुनाच आहे. पण या खेपेस तो आम्हांस ग्रंथांत न भेटतां लोणावळ्याच्या पावसांत, एका जुन्या मोटारीच्या उघड्या बॉनेटखालीं भेटला. म्हणून ती हकीकत सांगण्याचें धाडस करीत आहों.

आमची गाडी पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची ही कन्या. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जिला सारे ओळखीत, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें जिनें त्या शहरांतील टॅक्सीचा व्यवसाय सोडला, ती हीच. आमची मात्र अजून मावळांत सुखानें नांदत आहे. गेल्या वैशाखांत कामशेतच्या एका मिस्त्रीनें तिचा कार्बोरेटर उघडून साफ केला. पुढें मृगाचा पाऊस लागला आणि गाडीस एक विचित्र खोड जडली. रस्त्यावर ती उत्तम धांवे. पण थांबली कीं इंजिनाची मंद चाल डळमळूं लागे. त्यांत दिवे लावले आणि काचेवरचे वायपर सुरू केले, कीं इंजिन दोन आचके देऊन गप्प बसे. सकाळीं स्टार्टरही कुरकुरत फिरे. ती आम्ही लोणावळ्याच्या दमट हवेची करामत समजलों.

निदान आम्हीं तत्काळ केलें: मिस्त्रीनें कार्बोरेटर बिघडविला. त्याचा हात आधीं लागला, बिघाड मागून झाला; म्हणून बिघाड त्याच्या हातचा. यालाच आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात, आणि त्यावर विसंबूं नये हें आम्ही तर्कशास्त्राच्या वर्गांत पंचवीस वर्षें मुलांस शिकवीत आलों आहों! मिस्त्रीकडे परत न जातां आम्हीं मंद चालीचा स्क्रू स्वतःच थोडा आवळला. इंजिन मोठ्यानें घुरघुरूं लागलें, पण बंद पडेना. दुखणें दबलें, गेलें नाहीं. तेवढ्यावर न थांबतां तुंगार्लीच्या दोन शेजाऱ्यांस आम्हीं त्या मिस्त्रीविषयीं सावधही केलें.

पुढें एके सायंकाळीं पदार्थविज्ञानाचे आमचे एक सहकारी घरीं आले. सारी कथा ऐकून त्यांनीं एवढेंच विचारलें, "दिवे लागले आहेत हें कार्बोरेटराला कसें कळतें हो?"

आम्ही निरुत्तर झालों. कार्बोरेटर हवेंत पेट्रोल मिसळतो. दिव्यांशीं त्याचें देणेंघेणें नाहीं. मंद चालींत या जुन्या गाड्यांचा डायनामो जवळजवळ वीज देत नाहीं. दिवे, वायपर आणि ठिणगी उत्पन्न करणारें कॉइल हीं सारीं तेव्हां बॅटरीच्या जिवावर चालतात, आणि त्या सर्वांची वीज एकाच सांध्यांतून बॅटरीकडे परतते: बॅटरीची ऋण तार गाडीच्या लोखंडी अंगास जेथें आवळलेली असते तो सांधा. तेथें वाट अडली, कीं दिव्यांच्या गर्दींत कॉइलच्या वांट्यास वीज कमी येते, ठिणगी लुळी पडते आणि इंजिन बसतें. गति वाढली कीं डायनामो भार उचलतो व दोष दडतो. सहकाऱ्यांनीं व्होल्टमापकाचें एक टोक ऋण खुंटीस व दुसरें गाडीच्या अंगास लावलें. कांटा शून्याजवळच राहावयास हवा होता. दिवे लावतांच तो पाऊण व्होल्टावर गेला, आणि स्टार्टर फिरवितांना तीनांच्याही पुढें. तार सोडविली. खालीं हिरवा रंग! पावसाळ्यापूर्वीं गंज लागूं नये म्हणून आम्हींच तो फासला होता आणि त्यावरच तार आवळली होती. कारखान्याचा यांत दोष नव्हता, मिस्त्रीचा तर नव्हताच.

आतां मूळ प्रश्न. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालच्या आपल्या निबंधांत एका जहाजमालकाचा दाखला दिला आहे. जहाज जुनें आहे हें ठाऊक असून तो मनांतील शंका दडपतो, आणि तें सुखरूप जाईल असा विश्वास मनाशीं धरून उतारूंसह तें हांकारतो. जहाज बुडतें. क्लिफर्ड म्हणतो, तें तरलें असतें तरी मालकाचा अपराध तितकाच होता. कारण त्या पुराव्यावर तसा विश्वास धरण्याचा त्यास अधिकारच नव्हता. हें मत आम्हांस पूर्वीं फार कठोर वाटे. पुराव्यावांचून कांहींच मानावयाचें नाहीं म्हटल्यास वैद्यास औषधही देतां येणार नाहीं. पण वैद्य आपला तर्क रोग्यावर पडताळून पाहतो. आम्हीं तो न पडताळतां शेजाऱ्यांस वांटला. दिव्यांचा पुरावा रोज डोळ्यांसमोर होता. तो दिसला नाहीं, कारण दोष दुसऱ्याचा ठरला कीं शोध संपतो. आणि तो चालू राहता तर आमच्याच ब्रशापर्यंत येऊन पोंचता. शिवाय, स्पष्टच बोलावयाचें तर, मिस्त्रीच्या हातांस काळें तेल होतें आणि आमच्याजवळ पदवी होती. त्याच्या जागीं तो सहकारी असता, तर आम्हीं आधीं त्यास विचारलें असतें.

रंग खरवडून तार आवळली, स्क्रू मूळ जागीं आणला, आणि प्रथम शेजाऱ्यांकडे गेलों. एकानें हंसून विषय सोडला. दुसरे म्हणाले, "असेल, पण तो माणूस तसा जरा बेफिकीरच." हें त्यांस कोणीं सांगितलें, असें आम्हीं विचारलें. त्यांस आठवेना.

मग कामशेतला गेलों. मिस्त्रीनें हात पुशीत सगळें ऐकून घेतलें. आपली दोन गिऱ्हाइकें कां फिरकलीं नाहींत हें त्यास त्याच वेळीं उमगलें असावें; पण त्याविषयीं तो कांहींच बोलला नाहीं. क्षणभर थांबून म्हणाला, "सर, रंग नुसता वरनंच खरवडला, का बोल्टाच्या खालनंबी?"

आम्हीं खालून खरवडला नव्हता. त्यानें पाना उचलला.