गोळी घेतली म्हणजे सात्त्विक आहार कमी पडला का?

काही वर्षांपूर्वी माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. रोज पहाटे मांडी घालून बराच वेळ बसतो, त्यामुळे असेल, असे मी धरून चाललो. ओळखीच्यांची नावे आठवेनात, तेव्हा वय झाले म्हटले. मन उगीच उदास राहू लागले, तर साधनेत असे टप्पे येतातच, अशी स्वतःची समजूत घातली. प्रत्येक तक्रारीला माझ्याकडे एक चांगलेसे कारण तयार होते! शेवटी रक्त तपासले आणि बी-१२ जीवनसत्त्व फारच खाली गेलेले निघाले. डॉक्टरांनी आधी इंजेक्शने आणि मग गोळ्या लिहून दिल्या. मला वाईट वाटले ते आजाराचे नव्हे, गोळीचे. इतकी वर्षे साधे, ताजे, शाकाहारी, घरचे जेवण जेवलो. त्याला बाटलीतल्या गोळीची जोड लागावी, हा मला माझ्या ताटाचा अपमान वाटला.

तुम्हालाही कधी असे वाटले असेल, तर त्या वाटण्याकडे आपण जरा नीट पाहूया.

आधी वस्तुस्थिती. बी-१२ कोणतीही वनस्पती तयार करत नाही आणि कोणताही प्राणीही करत नाही. ते फक्त जिवाणू तयार करतात. गाई-म्हशींच्या पोटातल्या जिवाणूंमुळे ते दुधात उतरते. त्यामुळे दूध, दही, ताक, पनीर एवढाच शाकाहारी माणसाचा खरा आधार. गरज दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. पण चहातल्या दोन चमचे दुधाने ती भागत नाही. इडली-डोशाच्या आंबवण्यावर किंवा स्पिरुलिनावर विसंबता येत नाही. स्पिरुलिनात जे असते ते बहुतांशी शरीराच्या उपयोगी न पडणारे रूप असते. यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून कमतरता लगेच कळत नाही. उतारवयात आतडी ते नीट शोषत नाहीत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचेही तेच होते.

आणखी एक गोष्ट फसवी आहे. पालेभाज्या आणि कडधान्यांतून आपल्याला फोलेट मिळते. ते पुरेसे असले, तर बी-१२ कमी असतानाही रक्त बरे दिसू शकते आणि नसांची हानी मात्र आत चालूच राहते. तेव्हा हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आता मूळ प्रश्न. छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू बारा वर्षे वेदाध्ययन करून घरी आला तो ताठ मानेने, आपल्याला सगळे कळले अशा भावात. वडिलांनी, उद्दालकांनी, त्याला सांगितले की पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवे तेवढे पी. सोळाव्या दिवशी ते म्हणाले, म्हण आता ऋचा. श्वेतकेतूला एकही आठवेना. मोठ्या अग्नीतला काजव्याएवढा निखारा उरावा तसे तुझे झाले आहे, वडील म्हणाले, जा, जेवून ये. तो जेवून आला आणि विचारले ते सारे सांगू लागला. मन अन्नमय आहे, हे त्याला असे शिकवले गेले. ज्या मनाने ऋचा म्हणायच्या, त्या मनालाही पोषण लागते, आणि ते पोषण नसेल तर बारा वर्षांची विद्या हाताशी येत नाही.

माझी नावे आठवेनात, तेव्हा ही गोष्ट मला पाठ होती. पण ती मी दुसऱ्यांना सांगण्यासाठी ठेवली होती.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराचे वर्णन येते. तिथे पदार्थांची यादी नाही. आयुष्य, बळ, आरोग्य, प्रसन्नता वाढवणारा, रसाळ, स्निग्ध, असे गुण सांगितले आहेत. म्हणजे आहाराची परीक्षा तो खाणाऱ्याचे काय करतो यावरही आहे. माझे ताट निर्मळ होते, पण त्याने माझ्या नसांचे पोषण होत नव्हते. मग त्याला सात्त्विक म्हणण्याचा माझा हट्ट कशासाठी होता? अहिंसेसाठी मुळीच नव्हता. बी-१२ची गोळी जिवाणू वाढवूनच बनवली जाते, तिच्यासाठी कुणाचा जीव जात नाही. हट्ट होता तो 'आम्हाला कशाची गरज नाही' या वाक्यासाठी.

या बाबतीत गांधीजी स्वतःशी फार कठोर होते. दुभत्या जनावरांवर होणाऱ्या क्रूर प्रकारांमुळे त्यांनी १९१२ साली दूध सोडले. १९१८ मध्ये ते मरणाच्या दारात पोहोचले. दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. व्रत गाई-म्हशींच्या दुधाचे होते, शेळीचे चालेल ना, असे कस्तुरबांनी सुचवले. त्यांनी ते घेतले. पण 'सत्याचे प्रयोग'मध्ये ते सरळ कबूल करतात की व्रताचा शब्द पाळला, आत्मा गेला. मला त्यांचे दूध घेणे चुकीचे वाटत नाही. मोलाचे वाटते ते हे की, शरीराची गरज त्यांनी नाकारली नाही आणि स्वतःची पळवाटही लपवली नाही. त्यांच्यासमोर गोळीचा पर्याय नव्हता. बी-१२ वेगळे काढले गेले ते १९४८ साली. आज तो पर्याय आहे. जे अहिंसेपोटी दूधही सोडतात, त्यांनी तर ही गोळी नियमाने घेतलीच पाहिजे.

आणखी एका गोष्टीवर थांबायला हवे. व्रत स्वतःचे असते. आपण ठरवलेल्या ताटातून घरातली सून गरोदरपणी जेवते, तेव्हा तिला कुणी विचारलेले असते का? आईच्या अंगी बी-१२ नसेल, तर ते अंगावरच्या दुधातही पुरेसे उतरत नाही. अशी बाळे मलूल होतात, हसायला-बसायला शिकलेली विसरतात, काहींना कंप सुटतो. वेळीच उपचार झाले तर ती बहुधा सुधारतात, पण उशीर झाला तर काही नुकसान मागे राहू शकते. 'आमच्यात गोळ्या घेत नाहीत' असे म्हणणारी व्यक्ती स्वतः त्याची किंमत मोजत नाही. आणि पुष्कळ घरांत अजूनही सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणारी बाईच असते. दह्याची वाटी तिच्यापर्यंत पोहोचेतो रिकामी झालेली असते. तिचा विचार सोडून सात्त्विकतेची चर्चा करणे मला आता जमत नाही.

याचा अर्थ औषधाच्या दुकानातून सगळे डबे उचलून आणा, असा नाही. लोभ तिथेही असतो. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. उसळीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी जास्त लागते; जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. वरण-भात, तिळाची चटणी, शेंगदाण्याचा कूट, मोड आलेली मटकी यांनी जे भागते, त्यासाठी महागडी प्रथिनांची पावडर कशाला? जे ताटातून मिळते ते ताटातून घ्यावे. जे मिळत नाही ते तपासणी करून, डॉक्टरांना विचारून, गोळीतून घ्यावे. कॅप्सूल असेल तर तिचे आवरण बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असते, हे मात्र पाहून घ्या. वनस्पतिजन्य आवरणाच्याही मिळतात. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर हिरवे किंवा तपकिरी चिन्ह छापलेले असते.

माझ्या मुंग्या पूर्ण जायला आठ-नऊ महिने लागले. गोळीची बाटली मी आधी कपाटात, कपड्यांमागे ठेवत असे, कुणी घरी आले तर दिसू नये म्हणून. आता ती जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी असते. परवा घरी आलेल्या एका साधक मित्राने ती उचलून पाहिली, थोडा वेळ हातात फिरवली आणि हळूच विचारले, "ही तपासणी कुठे करतात?"